दारामागचं हँडल

मुलांनो, तुमच्या वाडीत भंगारवाला येतो ना? आमच्या बांद्यात येतो तो टेम्पो घेऊन. वर भोंगा लावलेला. ‘लोखंड, पत्रा, प्लास्टिक, रद्दी…’ असं त्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. ती हाक ऐकली की माझ्या पोटात आजही थोडं कालवतं. का, ते सांगतो. गोष्ट माझ्या चुकीची आहे. मास्तरांच्या चुकीची गोष्ट ऐकायला मुलांना नेहमीच आवडतं, हे मला वर्गातल्या अनुभवाने ठाऊक आहे!

माझ्या बाबांची भाताची गिरण होती. घराला लागूनच, कौलारू, पुढे पडवी. आज गिरण म्हटलं की तुम्ही बटण दाबता आणि मोटर फिरते. बाबांच्या गिरणीत मोटर नव्हती, तेलाचं इंजिन होतं. काळंकुळं, एकाच सिलिंडरचं, बाजूला माझ्या छातीपर्यंत येणारं जाडजूड फ्लायव्हील. जवळ पाण्याचं पिंप. त्यातलं पाणी इंजिनाभोवती फिरायचं आणि त्याला थंड ठेवायचं. इंजिन सुरू झालं की ‘टुक्… टुक्… टुक्…’ असा आवाज नदीच्या पलीकडे जायचा. तो ऐकून बायका डोक्यावर भाताची गोणी घेऊन निघायच्या. गिरण सुरू झाल्याची दवंडीच ती!

पुढे विजेची मोटर आली. आणखी पुढे गिरणच बंद पडली. इंजिन मात्र होतं तिथेच, ताडपत्रीखाली झाकलेलं. बाबा महिन्यातून एकदा ताडपत्री काढायचे, तेल घालायचे, फ्लायव्हील हाताने थोडं फिरवायचे आणि परत झाकून ठेवायचे. मी डी.एड. करून मास्तर झालो होतो. मला वाटायचं, हा काय उद्योग!

२०१९ चा ऑगस्ट तुमच्यापैकी काहींच्या घरच्यांना आठवत असेल. तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं. आमच्या पडवीतही आलं. बाबांना मी आधीच सावंतवाडीला आत्याकडे नेऊन सोडलं होतं. पाणी ओसरल्यावर सगळीकडे चिखल. इंजिनही चिखलाने माखलेलं. दोन दिवस मी आणि बायको घर धूत होतो. तिसऱ्या दिवशी तो टेम्पो आला. मी दमलेला होतो. त्याने वजनावर भाव सांगितला, मी मान डोलावली. चार माणसांनी मोठ्या घणाने इंजिनाचे तुकडे केले, कारण अख्खं काही उचलेना. अर्ध्या तासात पडवी मोकळी झाली. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं.

आठवड्याने बाबा परत आले. चप्पल काढली, पडवीत उभे राहिले आणि म्हणाले, “इंजिन खंय हा?”

“इकलंय बाबा. चिखलान भरलेला. गंजान जातला होता.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, “हँडल पण दिलंस?”

हँडल दाराच्या मागे खिळ्याला टांगलेलं होतं. ते कोणाला दिसलंच नव्हतं, म्हणून राहिलं होतं. बाबांनी ते काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पुन्हा तिथेच टांगलं.

त्या दिवसापासून मला जुन्या इंजिनांचं वेड लागलं. वेड कसलं, टोचणीच म्हणा! ज्यांनी आपली इंजिनं भंगारात दिली नाहीत अशी माणसं कोण, हे मी शोधू लागलो. आणि शोधता शोधता पोचलो तो थेट रेल्वेच्या इंजिनांपर्यंत.

आता एक गंमत ऐका. आपण सिंधुदुर्गवाले रेल्वेच्या बाबतीत उशिरा जागे झालेले! कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. मी तेव्हा तिसरीत होतो. आमच्या जवळचं स्टेशन मडुरे. तिथे आम्ही फक्त गाडी बघायला जायचो. पण ती गाडी सुरुवातीपासून डिझेलच्या इंजिनाची. २०२२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. म्हणजे चित्रातली ती ‘झुकझुक’ करणारी, धुरांच्या रेषा सोडणारी कोळशाची गाडी आमच्या पिढीने दारात पाहिलीच नाही. ती आमच्याकडे पोचण्याआधीच म्हातारी झाली होती.

अशा म्हाताऱ्या इंजिनांचं काय होतं? बहुतेकांचं तेच, जे आमच्या इंजिनाचं झालं. पण सगळ्यांचं नाही.

दार्जिलिंगची छोटी गाडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. दोन फूट रुंदीचे रूळ, डोंगरावरची नागमोडी वाट. तिथल्या वाफेच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला माणसं बसतात आणि रुळांवर वाळू टाकत जातात, चढावर चाकं घसरू नयेत म्हणून. त्यातलं एक इंजिन १८८९ साली ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीत तयार झालं. त्याचा पुढे क्रमांक झाला ७७८. सत्तर-बहात्तर वर्षं ते हिमालयात राबलं. मग १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने ते विकत घेतलं आणि बोटीने नेलं. तिथे ते एका संग्रहालयात राहिलं. २००२ मध्ये ते पुन्हा ब्रिटनमध्ये आलं. इंग्लंडमध्ये एड्रियन शूटर नावाचे गृहस्थ होते. रेल्वे कंपनीचे मोठे अधिकारी. दिवसभर कामावर रेल्वे आणि घरी आल्यावरही रेल्वे! त्यांनी हे इंजिन घेतलं, दुरुस्त करून घेतलं आणि ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घराच्या आवारात चक्क रूळ टाकले. दार्जिलिंगच्या डब्यांसारखे दोन डबे नव्याने बनवून घेतले. आपण परसात नारळ-पोफळी लावतो, त्यांनी रेल्वे लावली! २०२२ मध्ये ते वारले. ते इंजिन आता एका विश्वस्त संस्थेकडे आहे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, पैसा असला की काय, काहीही करता येतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण जुनं इंजिन पुन्हा सुरू करणं म्हणजे नुसता पैसा ओतणं नव्हे, बरं का.

वाफेच्या इंजिनाचा जीव असतो बॉयलरमध्ये. भट्टीतला गरम धूर बॉयलरमधल्या पुष्कळ नळ्यांतून जातो, नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं, पाण्याची वाफ होते. उघड्या भांड्यातल्या पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. बॉयलरमध्ये तिला तेवढी जागा मिळत नाही, म्हणून ती जोर लावते. तो जोर सिलिंडरमधल्या दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या दांड्याला, दांडा चाकाला. हे झालं ठणठणीत इंजिनाचं. पण पन्नास वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाच्या नळ्या गंजून चाळण झालेल्या असतात, पत्रा कुठे पातळ झालेला असतो ते बाहेरून दिसत नाही. तसाच बॉयलर पेटवला तर बॉम्बच!

म्हणून आधी काय करतात? नळ्या बदलतात, पत्रा तपासतात आणि मग बॉयलर काठोकाठ गार पाण्याने भरून त्या पाण्याला दाब देतात, नेहमीच्या वाफेच्या दाबापेक्षाही जास्त. पाणीच का? कारण पाणी दाबलं तरी फारसं दबत नाही. एखादी फट निघालीच तर पाणी झिरपतं आणि दाब झटकन उतरतो. स्फोट होत नाही. वाफ मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी उसळते. या परीक्षेत पास झाल्यावरच भट्टीत काडी लावायची. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. आधी लाकडाचा नमुना करायचा, त्याचा वाळूत ठसा घ्यायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा, थंड झाला की कानसायचा. जुने डबे तर लाकडाचे. त्यांना सुतार लागतो, तोही जुनी जोडकामं जाणणारा.

म्हणजे पैशाआधी माणसं लागतात. जाणती माणसं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे लागणार आहे.

आपल्या देशातलीही एक गोष्ट सांगतो. पंजाबात पतियाळा संस्थानात १९०७ साली एक अजब गाडी सुरू झाली. तिला रूळ एकच! मुख्य चाकं त्या एका रुळावर आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक, ते सरळ रस्त्यावरून धावायचं. आधी तिला खेचरं ओढत. मग जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची वाफेची इंजिनं आली. याच कंपनीने आपल्या माथेरानच्या गाडीलाही इंजिनं दिली होती. ती गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधली आणि तीही १९०७ मध्येच सुरू झाली. पतियाळाची गाडी १९२७ मध्ये बंद पडली. मोटारी आल्या, रस्ते सुधारले, कोण विचारतो? इंजिनं आणि डबे सरकारी बांधकाम खात्याच्या आवारात पडून राहिले. एक-दोन वर्षं नाही, पस्तीस वर्षं! १९६२ मध्ये माइक सॅटो नावाच्या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थांना ते सापडले. पुढे अमृतसरच्या रेल्वे कारखान्यातल्या कारागिरांनी एक इंजिन पुन्हा चालतं केलं. १९७७ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडलं, तिथे ही एका रुळाची गाडी आहे.

आणि माथेरानची इंजिनं? त्यांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन सातासमुद्रापार इंग्लंडला, लेटन बझर्ड गावच्या हौशी मंडळींच्या छोट्या रेल्वेवर जाऊन पोचलं. आपल्या सह्याद्रीची वळणं चढलेलं इंजिन तिकडचे लोक पुसून-तेल घालून सांभाळतात, हे वाचलं तेव्हा मला आनंदही झाला आणि दाराच्या मागचं हँडल आठवलं.

२०२३ च्या मे महिन्यात पुण्याला नात्यातलं लग्न होतं. बाबाही आले होते. मुलीने हट्ट धरला म्हणून आम्ही कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला गेलो. भाऊ जोशी या रेल्वेवेड्या पुणेकरांनी जन्मभर छोट्या गाड्या जमवल्या, बनवल्या आणि घरच्यांना हाताशी घेऊन हे खासगी संग्रहालय उभं केलं. १ एप्रिल १९९८ ला ते उघडलं. म्हणजे आपल्या कोकण रेल्वेनंतर दोनच महिन्यांनी! तिथली इंजिनं म्हणजे खऱ्या इंजिनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती. पण चालतात खऱ्यासारख्या. सिग्नल पडतो, गाडी थांबते, दुसरी सुटते. मग दिवे मंद होतात, रात्र होते आणि त्या चिमुकल्या गावातले रस्त्यांवरचे दिवे लागतात. माझी मुलगी काचेला नाक लावून बघत होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते गाड्यांकडे बघतच नव्हते. ते डोळे मिटून उभे होते. मी घाबरलो, चक्कर आली की काय! जवळ गेलो तर म्हणाले, “थांब. आयकतंय.”

खेळ संपल्यावर ते तिथे काम करणाऱ्या माणसाजवळ गेले आणि आपल्या मोडक्या-तोडक्या मराठीत विचारू लागले, तेल कधी घालता, चाकातली धूळ कशाने काढता, एखादी गाडी रुसली तर काय करता. तो माणूसही खुलला. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मी चार वर्षांत बाबांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी धीर केला. म्हटलं, “बाबा, इंजिन इकूक नको होता माका.”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “लोखंड खंयय गावता रे. चलवणारो गावाक व्हयो.”

लोखंड कुठेही मिळेल, चालवणारा मिळायला हवा. मुलांनो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि भीतीही वाटली. इंजिन विकलं ही माझी एक चूक. पण ते कसं चालवायचं, हे मी बाबांना एकदाही विचारलं नव्हतं, ही त्याहून मोठी. इंजिन गेल्यावरही ते सगळं घरातच होतं, बाबांच्या हातात. तेही मी घालवायला निघालो होतो. आणि त्यासाठी तर कुठला टेम्पोही यावा लागत नाही.

घरी आल्यावर मी शंभर पानी वही आणली. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अर्धा तास. बाबा सांगायचे, मी लिहायचो. इंजिन कसं सुरू करायचं? आधी सिलिंडरमधला दाब सोडणारी लहान मूठ वर करायची, म्हणजे फ्लायव्हील हलकं फिरतं. मग हँडल लावून जोरात फिरवायचं. पुरेसा वेग आला की मूठ खाली. इंजिनाने पेट घेतला की हँडल आपोआप सुटतं, ते घेऊन बाजूला व्हायचं. बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं? स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरांच्या नळीसारखं! आतली प्रत्येक खटखट वेगळी ऐकू येते. पुण्याला बाबा डोळे मिटून काय करत होते, ते मला तेव्हा कळलं.

काही गोष्टी मात्र ते विसरले आहेत. “ह्या आता आठवणा नाय,” असं म्हणून गप्प होतात. वहीत तिथे मी जागा मोकळी सोडली आहे. पाच वर्षं आधी विचारलं असतं तर त्या जागा भरल्या असत्या.

मागच्या वर्षी एका शनिवारी मी बाबांना शाळेत नेलं. सोबत हँडल. इंजिन नाहीच, म्हणून फळ्यावर चित्र काढलं. बाबांनी चौथीतल्या एका मुलाला पुढे बोलावलं, त्याच्या हातात हँडल दिलं. त्याने बॅट धरतात तसं घट्ट धरलं. बाबांनी त्याचा अंगठा हळूच सोडवला आणि बोटांच्याच बाजूला ठेवला.

“अंगठो भायर ठेय. मुठीत घेव नको.”

“कित्याक आजोबा?”

बाबांनी आपला उजवा अंगठा दाखवला. तो मधून थोडा वाकडा आहे. इंजिन कधी कधी उलटा झटका देतं. अंगठा हँडलभोवती गुंडाळलेला असेल तर हात निसटत नाही, अंगठा मोडतो. बाहेर असेल तर हँडल नुसतं निसटून जातं. मी लहानपणापासून तो वाकडा अंगठा बघत आलो होतो. तो का वाकडा, हे मला त्या दिवशी, चौथीतल्या पोराने विचारलं तेव्हा कळलं!

मग बाबांनी तोंडाने इंजिन सुरू केलं. आधी जड ‘ढुप्… ढुप्…’, मग ‘टुक्… टुक्…’, मग एकसारखं. सगळा वर्ग त्यांच्याबरोबर टुकटुकत होता. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

आता आमच्या वर्गात एका कपाटाचा खालचा खण रिकामा केला आहे. मुलं घरातल्या बंद पडलेल्या जुन्या वस्तू आणतात. कोणी कंदील, कोणी स्टोव्हची पिन, कोणी काकांच्या रेडिओचं बटण. आमचा नियम एकच. वस्तूबरोबर वही आणायची आणि ती वस्तू वापरलेल्या माणसाला विचारून, ती कशी चालते हे त्यात लिहायचं. नुसती वस्तू आणली तर खणात जागा नाही!

घरात सगळंच साठवून ठेवा असं मी सांगत नाही. आई मला ओरडेल आणि तुमचीही ओरडेल. जागा लहान असते, पाणी येतं, वाळवी लागते. पुष्कळ वस्तू द्याव्याच लागतात. पण टेम्पोचा भोंगा ऐकू आला की तेवढा एक प्रश्न आधी विचारा. आजोबांना, आजीला, शेजारच्या काकांना. ‘हे कसं चालायचं हो?’ उत्तर लांबलं तर टेम्पो निघून जाईल. जाऊ दे. तो परत येतो.

पालकांनो, मुलांनी विचारलं तर ‘आता काय उपयोग त्याचा’ असं म्हणू नका, एवढी विनंती.

हँडल अजून दारामागेच आहे. पण आता महिन्यातून एकदा त्याला तेल मी लावतो.